घाटीगावपुढची पायवाट

माझ्या विश्वासकाकाने आठ वर्षं एक पायवाट साफ ठेवली. तिच्यावरून कुणी जात नव्हतं. रविवार आला की दौलतगंजातून पहिली मोटार धरायची, घाटीगावच्या पुढे उतरायचं आणि कोयता घेऊन डोंगरात शिरायचं. पगार नाही, हुकूम नाही. खैराच्या फांद्या छाटायच्या, वाहून गेलेले दगड पुन्हा बसवायचे. मला त्या पायवाटेचा भारी राग होता.

संस्थान असताना वर शिकारीचा बुरूज होता. माझे वडील कान्होजी बुरुजावर राखणीला, काका खाली पायथ्याला. तिथला नियम असा, की वाटेवर बोरीचे काटे आडवे टाकलेले दिसले म्हणजे पुढे जनावरं उठवायचा हाका चालू आहे, बंदुका रोखलेल्या आहेत. मग काटे ओलांडायचे नाहीत, नाल्याकडून वळसा घ्यायचा.

संस्थान मध्य भारतात विलीन झालं, शिकारखातं मोडलं आणि वाट बंद करायचा निरोप आला. काकाने काटे टाकले नि घरी आला. दादा दुपारीच बुरुजावरच्या सामानाच्या बैलगाडीबरोबर उतरला असेल, असं तो धरून चालला. वडील उतरले दिवेलागणीला. शिकार करणारंच कुणी उरलं नव्हतं, तरी काटे बघून ते शिस्तीत नाल्याकडे वळले असणार. नाल्यावरच्या कड्यापाशी त्यांचा एक जोडा सापडला. ते नाही सापडले.

काटे कुणी टाकले, हे काकाने घरात सांगितलं नाही. रविवारी तो परतला की आई दारातच विचारायची, "भावजी, आज काही?"

"पायवाट मोकळी आहे, वहिनी."

एकदा जेवताना तो म्हणाला, "वरच्या वळणाला दादा खाकरतो. मी थांबलो की तोही थांबतो." आईचा हात ताटावरच राहिला.

छप्पन साली मध्य भारत हे राज्यही गेलं आणि माझं ऑफिस भोपाळला निघालं. सामान बांधता बांधता मी वैतागून म्हटलं, "काका, तुम्हीपण चला. अब वहाँ कौन आएगा? पुरे करा आता."

काका माझ्याकडे नाही, आईकडे बघत होता. आईने 'पुरे' म्हटलं असतं तर तो तसाच उठून आमच्याबरोबर आला असता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तिला फसवून सुटायचं त्याच्याने होईना.

"वहिनी, ते काटे मी टाकले होते," तो म्हणाला. "दादा वर आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही मी."

आई गाठोड्याची गाठ मारत होती. ती पुरी मारून झाल्यावर तिने वर पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं होतं.

"मी चालले भोपाळला," ती म्हणाली. "ते आले तर इथे कुणी तरी हवं. तुम्ही जात राहा, भावजी."

काका 'बरं' म्हणाला. आमची गाडी सुटली तेव्हा तो स्टेशनवर नव्हता, डोंगरात होता.