मावशींनी धुतलेली पानगळ

तीन आठवडे मी पानं गोळा करत होते. शाळेत येताना, शाळेतून जाताना, सुट्टीच्या दिवशी बागेत, रस्त्याच्या कडेला वाकून वाकून. एका गृहस्थांनी तर थांबून काही हरवलंय का म्हणून विचारलं. तांबडी, पिवळी, मुठीत धरली की चुरचुर वाजणारी अशी पोतंभर पानं मी वर्गाच्या कोपऱ्यात आणून ठेवली. सोमवारी सकाळी येऊन बघते तर मावशींनी ती सगळी धुऊन काढलेली. साबणाच्या पाण्यात. धुऊन, निथळून, खिडकीखाली जुन्या चादरीवर पसरून ठेवलेली, आणि वर मलाच म्हणाल्या की किती माती होती त्यांत, पोरं तोंडात घालतात.

मी कपाळावर हात मारून घेतला. ओल्या पानाला आवाज नसतो, आणि साबणाने धुतलेल्या पानाला साबणाचा वास येतो. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणतात ती अशी. एवढं करून माझा चेहरा पडलेला बघून मावशीच म्हणाल्या, चहा टाकू का.

आमच्या वर्गात अकरा मुलं. कुणाला नीट दिसत नाही, कुणाला चालता येत नाही, बहुतेकांना बोलता येत नाही. "आता पानगळ सुरू झाली" असं फळ्यावर लिहून या मुलांना काही कळत नाही. ऋतू त्यांच्या हातात द्यावा लागतो, नाकाशी न्यावा लागतो, पायाखाली घालावा लागतो. म्हणून मी वर्षभर मोठाले ट्रे मांडते. पानगळीत वाळकी पानं, थंडीत बर्फ, उन्हाळ्यात तापलेली वाळू, पावसाळ्यात झारीचं पाणी आणि चिखल. मुलांनी त्यात हात घालायचा, दचकायचं, हसायचं, वाटलं तर रडायचं, पण आपल्याला काय वाटलं ते दाखवायचं. सगळा अभ्यासक्रम एवढाच.

आणि मावशी म्हणजे आमच्या वर्गाच्या सेविका. मुलांना गाडीतून उतरवून घेणं, भरवणं, शी-शू, कपडे बदलणं, फरशी पुसणं, सगळं त्यांच्याकडे. वय साठीच्या आसपास, बुटक्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शाळेत माझ्याही आधीपासून आहेत, आणि माझा एकेक ऋतू त्यांनी वाया घालवलेला आहे. थंडीत मी बर्फाचा ट्रे मांडून डबा आणायला वळले की या त्यात गरम पाण्याचा तांब्या ओतायच्या, मुलांना सर्दी होईल म्हणून. वाळू उन्हात ठेवली की अर्ध्या तासात सावलीत. पावसाळ्यात मी झारीने एखाद्या मुलाच्या हातावर धार सोडावी तर मागून येऊन धारेखाली आपलाच पंजा धरायच्या. मुलगा कोरडा, मावशी ओल्या. मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

पण खोटं कशाला बोलू, त्यांच्यासारखं मुलं कळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. कुणाला तहान लागली, कुणाचा कान दुखतोय, कुणाला आता पाच मिनिटांत फिट येणार, हे त्यांना आमच्या डॉक्टरांच्या आधी कळायचं. एकदा मी विचारलं, हे कसं जमतं. तेव्हा त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, की त्यांच्या मालकांना पक्षाघात झाला होता, चार वर्षं अंथरुणाला होते, वाचा गेलेली. "भुवई हलली की पाणी, अंगठा हलला की कूस बदलायची. एकदा मला कळलं नाही, तर दिवसभर डोळ्यांतून पाणी काढत होते. त्यानंतर मी कधी तशी वेळ येऊ दिली नाही." मालक गेले, आणि पुढच्याच महिन्यात या आमच्या शाळेत लागल्या. आता सांगा, अशा बाईवर चिडायचं तरी कसं? पण मी चिडायचे. रोज चिडायचे.

सगळ्यात जास्त चिडायचे ती ठकीपायी. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण लाकडी बाहुलीसारखी ताठ बसते म्हणून मावशींनीच ते ठेवलं आणि तिच्या आईनेही मान्य केलं. ठकी नऊ वर्षांची. बोलत नाही, खूण करत नाही, बोट दाखवत नाही. मांडीवर हात ठेवून बसते आणि मावशींकडे बघते. मावशी येतात आणि तिला जे हवं असतं ते देतात. कधी चुकत नाहीत. तिसऱ्या वर्षी ती शाळेत आली तेव्हापासून सहा वर्षं हे असंच चाललेलं.

आमच्याकडे दरवर्षी तपासणीच्या मॅडम येतात. प्रत्येक मुलाचं एक उद्दिष्ट लिहिलेलं असतं. ठकीचं होतं: समोरच्या दोन वस्तूंतून एक स्वतःच्या हाताने निवडणे. बस, एवढंच. दोन वर्षं लागोपाठ मॅडमनी तिच्या कागदावर "मदतीने" असं लिहिलं, कारण दोन्ही वेळा ऐन क्षणी मावशींनी हवा तो ट्रे तिच्याकडे बोटभर सरकवला होता. बोटभरच हो, पण मॅडमचे डोळे काय मिटलेले असतात? आणि नियम असा की तिसऱ्यांदा "मदतीने" आलं की मूल तळमजल्यावरच्या सांभाळवर्गात जातं. तिथे खायला घालतात, स्वच्छ ठेवतात, झोपवतात. शिकवत मात्र कुणी नाही. दिवसभर टीव्ही चालू असतो. ठकीची आई मला फाटकाशी गाठून एकच वाक्य बोलली होती, की बाई, तिला खाली नका पाठवू.

म्हणून या वर्षी मी मावशींना समोर बसवलं आणि स्पष्टच सांगितलं. ठकी स्वतः हात पुढे करेपर्यंत तिला काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि वाट बघायची.

"तिला तहान लागलेली मला दिसत असताना?"

"दिसत असतानाच. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मावशी. म्हण आहे."

"पाजते की," मावशी म्हणाल्या. "रडेपर्यंत थांबते ती कसली आई?"

आता यावर काय बोलणार? मी तरीही बोलले, बरंच बोलले. तुमच्या मायेनेच ती पोर मुकी राहिली आहे, असंही बोलून गेले. ते मी बोलायला नको होतं. मावशींनी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि बरं म्हणाल्या.

त्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली खरी, पण त्यांचे दहा म्हणजे माझे तीन. मी म्हटलं, सावकाश. मग त्या मोठ्याने मोजायला लागल्या, तर बाकीच्या मुलांना वाटलं काहीतरी खेळ चाललाय, आणि दहा म्हटलं की दोघंतिघं टाळ्या वाजवायला लागली. शेवटी मी त्यांना स्वतःच्या हातांवर बसायला सांगितलं, अक्षरशः. लाकडी स्टुलावर दोन्ही तळवे मांडीखाली दाबून त्या बसायच्या, आणि ठकीच्या समोर मी दोन ट्रे ठेवायचे. एकात पानं (नवीन, न धुतलेली, मी कुलूप लावून ठेवत होते), दुसऱ्यात गार पाण्यात बुडवलेले स्पंज. पानं ठकीला जिवापाड आवडतात, तिच्या बोटांत ती चुरली की तिचे खांदे हलतात. ओल्या स्पंजाने तिला शिसारी येते. म्हणजे निवडायला अगदी सोपं. पण ठकी मांडीवर हात ठेवून मावशींकडे बघायची. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिला ट्रेकडे बघायची गरजच कधी पडलेली नव्हती. महिनाभर हेच. माझ्या नाकी नऊ आले. मावशींना वर्गाबाहेर पाठवून पाहिलं, तर ठकीने डोकं भिंतीवर आपटायला घेतलं. म्हणजे त्या हव्यात, पण त्यांचे हात नकोत. असं माणूस कुठून आणायचं?

तपासणीच्या दिवशी मॅडम अकरा वाजता आल्या. भल्या बाई आहेत, पण कागदात जे लिहिलंय तेवढंच बघतात. मी ट्रे मांडले. मावशी स्टुलावर हात दाबून बसल्या. मॅडमनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, सुरू करा.

ठकीने मावशींकडे पाहिलं. ट्रेकडे नाही, माझ्याकडे नाही. एक मिनिट गेलं. मी मनातल्या मनात त्या पोरीला विनवत होते, अगं बाळा, एक बोट, एक बोट टाक त्या पानांत. दुसरं मिनिट गेलं. मावशींच्या कपाळावर घाम आला होता. मॅडमनी पेन उचललं, कागदावर टेकवलं.

आणि मावशींचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला.

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. जित्याची खोड. पुढचं मला ऐकूच आलं आधी, पाणी सांडल्याचा आवाज. डोळे उघडले तर स्पंजाचा ट्रे फरशीवर पालथा पडला होता. मावशींनी पानांचा नव्हे, स्पंजाचा ट्रे पुढे सरकवला होता. नंतर त्यांनीच मला सांगितलं की हवं ते दिलं तर ती मदत धरतात, मग नको ते दिलं तर कशी धरतील, असा त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. हा हिशेब जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

ठकीने तो ट्रे दोन्ही हातांनी लोटून दिला होता. एवढ्यावर ती थांबली नाही. मावशींचा हात अजून पुढेच होता, तो तिने मनगटाला धरला, नखं रुतेपर्यंत धरला, आणि आपल्यापासून लांब ढकलला. तोंडातून एक आवाज काढला, घशातला, रागाचा. मग तिने वाकून पानांचा ट्रे स्वतःकडे ओढला आणि कोपरापर्यंत हात त्यात घातले.

वर्गात पानं चुरल्याचा आवाज येत होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मावशींनी मदत केली असं तुम्ही लिहिणार असाल तर... पण मॅडमनीच मला थांबवलं. "तिला जे दिलं ते तिने नाकारलं," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं घेतलं. यापेक्षा निवड वेगळी काय असते?" आणि त्यांनी "स्वतःच्या हाताने" असं लिहिलं. मी ते उलट्या बाजूने वाचलं, दोनदा वाचलं.

मॅडम गेल्यावर मी वर्गात नाचायचीच बाकी होते. ठकीच्या आईला फोन लावला, ती पलीकडे रडायला लागली, मग मीही. मला मावशींना मिठी मारायची होती, पण त्या गुडघ्यांवर बसून सांडलेलं पाणी टिपत होत्या. मनगटावर चार लाल ओरखडे उठले होते, एकातून थोडं रक्त आलं होतं. मी औषध आणते म्हटलं, तर राहू द्या म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि बोलत सुटले, की मावशी, तुम्ही कमाल केलीत, अहो पोरीला नको म्हणता आलं, आयुष्यात पहिल्यांदा तिने नको म्हटलं.

"मला म्हटलं," मावशी म्हणाल्या.

त्या फडकं बादलीत पिळत होत्या, पाणी निघून गेलं तरी पिळत होत्या.

"सहा वर्षांत तिने माझा हात कधी लोटला नव्हता, बाई. माझ्या हातातून येईल ते चांगलंच असणार, असं तिला वाटायचं."

हेच तर आपल्याला हवं होतं, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. चांगलंच झालं, म्हणाल्या, ती वर राहिली, आणखी काय हवं. खरंच तसं वाटत होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. पण डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं, आणि ते पुसायला त्यांच्याकडे फक्त फरशीचं ते फडकंच होतं. मी माझा रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

पलीकडे ठकी पानांत हात घालून बसली होती. खांदे हलत होते. मावशींकडे ती बघत नव्हती. जेवायची वेळ झाली होती आणि तिला भूक लागली आहे हे मावशींना नक्की दिसत होतं, कारण त्यांनी एकदा डब्यांच्या फळीकडे पाहिलं, उठायला म्हणून हात जमिनीवर टेकला, आणि तसाच ठेवला.

"उद्यापासून तिला विचारून देत जाईन," त्या म्हणाल्या. "मला कळत असलं तरी."

सहा वर्षं मी या बाईच्या तोंडून हे एक वाक्य ऐकायला घसा कोरडा केला होता. आता ऐकलं, आणि माझ्याच्याने ते ऐकवेना.