उरलेल्या पुऱ्यांचं रसायनशास्त्र

अकरावीत असताना अलीगंज या हिंदी भाषक वस्तीतल्या आमच्या घरात आईचा एक कायदा होता. रसायनशास्त्राचं गणित सोडवलं, की ते तिला मराठीतून समजावून सांगायचं. हिंदीत सुरुवात केली, की ती ऐकलंच नाही असं दाखवायची.

एका रविवारी मी तिला जेवताना ताटावरूनच शिकवलं. दोन पदार्थांपैकी एक आधी संपला, की अभिक्रिया थांबते आणि दुसरा नुसता उरतो. "बघ, माझं श्रीखंड संपलं, चार पुऱ्या उरल्या. आता थोडं श्रीखंड वाढ, म्हणजे अभिक्रिया पुढे चालेल."

आईने मान डोलावली. मग चारही पुऱ्या उचलून धाकट्या बहिणीच्या ताटात ठेवल्या. तिच्या वाटीत अजून श्रीखंड होतं.

"समजलं मला," आई म्हणाली. "आता पुढचं गणित घे."