बोंबलांवर माझं नाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारात तराजूचा काटा थांबेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. त्यामुळे माझे फोटो चोरीला जातायत हे कळल्यावर चोर शोधायला मी लांब गेलेच नाही. आधी जावेच्या दाराकडे पाहिलं.

आमच्या चिंचणीला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळले की मी त्यांचा फोटो काढते आणि बोईसरच्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवते. फोटो बघून ऑर्डरी येतात. एकदा तिकडच्या एका बाईंचा फोन आला. मिस्टर कंपनीत, माणसं साताऱ्याकडची.

"ताई, या वेळचे बोंबील ओले निघाले हो. पिशवी उघडवत नव्हती."

मी त्यांना काही पाठवलंच नव्हतं. त्यांनी ज्या नंबरवरून माल घेतला होता, तिथला फोटो मला धाडला. वलांडी माझी, बोंबील माझे, नंबर भलत्याचाच. मी फोन लावला. "कौन चाहिए?" एवढं ऐकू आलं आणि मी गावाचं नाव घेताच फोन कट. माझा फोटो दाखवून कुणी कुजका माल विकायला लागला, तर बोईसरमध्ये मला दारात कोण उभं करणार?

मी मोबाइलवर वॉटरमार्कचं ॲप घेतलं. कोपऱ्यातलं नाव कुणीही कापून टाकेल, म्हणून नाव आणि नंबर फोटोच्या मधोमध, आडवं टाकलं. नवरा म्हणाला, "बोंबील दिसतच नाय, तूच दिसते."

"दिसू दे," मी म्हटलं.

तरीही त्या नंबरवरून त्या बाईंना माझे कोरे फोटो येतच राहिले. म्हणजे मी ज्या घरच्यांना अजून बिननावाचा फोटो पाठवते, त्यांच्यातलंच कुणीतरी. नवरा, जाऊ आणि आमच्याच बाजूच्या माहीमला राहणारी माझी आई. नवऱ्याला इतकी अक्कल नाही. आईवर कोण संशय घेईल? जबड्यात जबडा अडकवून बोंबील जोडीनं टांगायचे, हे तिनंच मला शिकवलं. अजूनही फोटो मोठा करून ती एकेक जोडी तपासते. राहिली जाऊ. वलांडी आम्हा दोघींची एकच, गिऱ्हाइकं मात्र वेगळी. तिचा माल हल्ली पटापट उठत होता, तेही माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

मी तिच्याशी बोलणं सोडलं. ती चहा घेऊन आली तर कप तसाच निवत ठेवायचा.

"काय झालं गो? तोंड कशाला फिरवतेस?"

"काय नाय."

पुराव्याशिवाय भांडण्यात मजा नाही. म्हणून मी एकाच वलांडीचे तीन फोटो काढले. जावेच्या फोटोत खाली उपडी टोपली ठेवली, नवऱ्याच्या फोटोत निळं पिंप, आईच्या फोटोत माझ्या लाल चपला. नाव कशावरच टाकलं नाही. सातारच्या बाईंना सांगून ठेवलं, की त्या नंबरवरून नवा फोटो आला की मला दाखवा. मग मी टोपलीची वाट बघत बसले.

चपला आल्या.

मी फोटो मोठा केला. डाव्या चपलेचा तुटलेला पट्टासुद्धा दिसत होता. आईला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझे फोटो तू कुणाला देतेस का?

"तुजा भाऊ मागतो ना. बोईसरच्या कोन व्यापाऱ्याला माल देतो, त्याला दाखवतो. माज्या बयनीचे बोंबील बग, असा सांगतो बोलला."

तिच्या आवाजात कौतुक होतं. त्या भावाचाच माल ओला निघतो, हे मी तिला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. संध्याकाळी जावेकडे जाऊन मी स्वतःहून चहा मागितला. तिनं आधण ठेवलं.

पुढच्या खेपेला आईलाही नाव टाकूनच फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"बाय, याच्यावर नाव कशाला टाकलंस? माला म्हायीत नाय का कोनाचे हायत ते?"

"आता सगळ्यांनाच तसा पाठवते, आई."

ती म्हणाली, "तुज्या नावाखालच्या जोड्या नाय दिसत माला."