मोज्यातला बिबट्या

मैत्रिणींनो, आज मी जिंकले!

आमच्या खोडदच्या उसात बिबट्या दिसल्यापासून लेक चिऊ भीतीनं अंगणात उतरतच नव्हती. म्हणून दुपारी ह्यांच्या जुन्या पिवळ्या मोज्याचा बिबट्या शिवला. डोळ्यांना शर्टाची बटणं, अंगभर माझ्या काळ्या टिकल्या. हे हसले, "मांजर हाय गं ते!"

संध्याकाळी चिऊनं तो हातावर चढवला, अंगणात गेली आणि गोठ्याच्या भिंतीवरून त्याचं डोकं वर काढलं. आत धार काढणाऱ्या सासूबाई पत्रा बडवत ओरडल्या, "वाघ आला, वाघ!" आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. हे काठी घेऊन धावले.

चिऊ म्हणते, "आजी, भिऊ नको. त्यो माझ्या हातात हाय."

आता तुम्हीच सांगा, मांजर बघून कोणी काठी घेऊन धावतं का?