आमच्या बाल्कनीतील पोर्शिया

कोळी हा कीटक नव्हे, हे वाक्य मी जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून दरवर्षी फळ्यावर लिहिले. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. निवृत्तीनंतर फळा सुटला, सवय मात्र सुटली नाही. त्यामुळे मराठी मंडळाच्या ऑगस्टच्या कार्यक्रमात बागकामावर बोलणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरांनी "कोळ्यासारखे कीटक" असा उल्लेख केला, तेव्हा मी हात वर करून उभी राहिले आणि भर सभेत बोटांवर पाय मोजून दाखवले. गृहस्थ सभ्य होते. "आभारी आहे, बाई," म्हणाले आणि खाली बसले.

मंडळाचे चिटणीस, मूळचे नागपूरकडचे, तत्काळ माइकवर आले. "ताई, मग सप्टेंबरचं व्याख्यान तुमचंच. ना म्हणायचं नाही, बिल्कुल!"

मी विषय निवडला तो पोर्शिया. ही उड्या मारणाऱ्या कोळ्यांची एक प्रजाती. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशांत हिच्या निरनिराळ्या जाती आढळतात. हिचे मुख्य खाद्य म्हणजे दुसरे कोळी. परक्याच्या जाळ्याच्या काठाशी येऊन ही पायांनी धागे अशा रीतीने छेडते, की जाळ्याच्या मालकाला एखादा किडा अडकल्याचा भास होतो. एक ताल लागू पडला नाही, तर ती दुसरा वाजवून पाहते. समोरून जाणे धोक्याचे असेल, तर भक्ष्य काही काळ नजरेआड करूनही लांबचा वळसा घेते. अंगावरच्या केसांच्या झुबक्यांमुळे ती वाळक्या पाचोळ्यासारखी दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाऱ्याने जाळे हलू लागले की ती त्या हालचालीच्या आडोशाने पुढे सरकते. वारा थांबला की तीही थांबते.

ही सर्व माहिती मी पुस्तकांतून टिपून काढली, आणि त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, फरीदाबादच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील बाल्कनीत मला पोर्शिया दिसली.

बाल्कनीच्या कोपऱ्यात एका लांब पायांच्या घरगुती कोळ्याचे जाळे होते. त्याच्या काठावर वाळक्या पाचोळ्यासारखे काहीतरी बसले होते. शेजाऱ्यांच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमधून वाऱ्याचा झोत आला, जाळे थरथरले, आणि ते हलले. झोत थांबताच तेही थांबले. मी कोपऱ्याला झाडू लावायला बंदी घातली, दोनशे पानी वही आणली आणि समास आखला.

आज ती वही वाचताना लाज वाटते, पण अक्षर सुरेख आहे. 'सोमवार, सकाळी दहा चाळीस. वाऱ्याबरोबर किंचित पुढे.' 'मंगळवार. दबा धरून. संयम विलक्षण.' 'बुधवार. धागा छेडल्यासारखे वाटले.' बुधवारीच मी चिटणिसांना फोन करून व्याख्यानाला 'फरीदाबादेतील पोर्शिया: प्रत्यक्ष निरीक्षण' असे नाव दिले. संध्याकाळी ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झळकले. त्याखाली पहिला अंगठा त्या इंजिनिअरांचा होता. 'नक्की येणार,' असे त्यांनी लिहिले होते. ते वाचून मी वहीला कव्हर घातले.

गुरुवारी दुपारी दोन तास लाइट गेली. आमच्या सोसायटीच्या जनरेटरवर दिवे-पंखे चालतात, एसी चालत नाहीत. मी नोंद केली: 'पोर्शिया विश्रांती घेत आहे.'

आमचे हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते. सरकारी नोकरीत फायलींवर शेरे मारण्यात त्यांची हयात गेली. "लाइट आली की उठते वाटतं?"

"अहो, कोळ्याचा आणि विजेचा काय संबंध?"

"तेच विचारतोय. एसी सुरू, तर ही सुरू. एसी बंद, तर ही बंद. अगं, कोळी आहे की पंख्याला बांधलेली रिबीन?"

"ती वाऱ्याचा आडोसा घेते. पुस्तकात स्पष्ट दिलंय."

"कचराही घेतो," ते म्हणाले आणि चहा संपवून आत गेले.

मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. रात्री अंथरुणात मात्र माझ्याच आवाजातले एक वाक्य ऐकू येऊ लागले: "मुलींनो, तुलनेचा प्रयोग कुठे आहे?" ज्या घटकाचा परिणाम तपासायचा, तो काढून टाकून पाहा, हे मी मुलींना घोकून घेतले होते. तो प्रयोग ज्यांच्या वहीत नसे, त्यांचे दोन गुण मी निर्दयपणे कापले होते.

शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यांचा एसी चालू असताना मी युनिट आणि जाळे यांच्यामध्ये पुठ्ठा धरला. पोर्शिया थांबली. पुठ्ठा काढला, हलली. हे मी पाच वेळा केले. खरा जीव कधीतरी आपल्या मनाने हलला असता. अखेर पेन्सिलीच्या टोकाने मी तिला हळूच स्पर्श केला. ती उघड्या वहीवर पडली. मनीप्लांटच्या काठीवरचा काथ्या होता तो, वाळक्या पानाचा तुकडा चिकटलेला. जाळ्याचा मालक जागेवरून हललासुद्धा नाही. त्याने चार दिवसांत त्या कचऱ्याची दखल घेतली नव्हती.

व्याख्यानाला दोन दिवस उरले होते. मोबाइलमधला फोटो ह्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले.

"फोटोत अगदी तुझी पोर्शियाच वाटते. दाखव की. तिथे कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मग झालं," ते म्हणाले. पण झाले नव्हते. ज्यांना मी भर सभेत पाय मोजायला शिकवले, ते इंजिनिअर पहिल्या रांगेत बसणार होते. फोटो पडद्यावर गेला असता, तर कोणालाही काही कळले नसते, ही गोष्ट खरी होती आणि तिचा मोह मला शनिवार दुपारपर्यंत पुरला.

शनिवारी दुपारी मी बाल्कनीत खुर्ची टाकून उगाच बसले होते. कठड्यावर एक माशी बसली. समोरच्या भिंतीवर रोजचाच करडा कोळी होता, उड्या मारणारा, नखाएवढा. असे कोळी आजवर असंख्य पाहिले असतील. पुस्तक उघडण्यासाठी त्यावर बसलेले एक-दोन तर मी फुंकर मारून उडवलेही होते. तो माशीकडे वळला, क्षणभर थांबला, आणि चक्क उलट्या दिशेने निघाला. कुंडीमागे दिसेनासा झाला. मी मान वाकडी करून शोधत राहिले. मग तो कुंडीच्या काठावर, माशीच्या वर आणि मागे, उगवला. धागा चिकटवला, इंच इंच पुढे आला आणि झेपावला. माशीसकट धाग्याला लोंबकळला. सगळे मिळून तीन-चार मिनिटे. वही आत होती.

रविवारी मेट्रोने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सभागृहात गेलो. मी पोर्शियाविषयी पुस्तकातले सांगितले, मग काथ्याचा फोटो लावला आणि वही पहिल्या नोंदीपासून वाचून दाखवली. 'संयम विलक्षण' याला सभागृह हसू लागले, 'विश्रांती घेत आहे' याला ह्यांनी टाळी वाजवली. शेवटी करड्या कोळ्याचा वळसा, वहीत नसलेला, आठवणीतून सांगितला.

प्रश्नोत्तरांत इंजिनिअर उठले. "बाई, एक शंका. तुमच्या त्या पोर्शियाला पाय किती होते?"

सोमवारच्या नोंदीखाली मी आकृतीही काढली होती, भागांना नावे दिलेली. पान उलटून मी शोधले. खोटे बोलण्याची सोय नव्हती, वही माइकसमोर उघडी होती.

"सात," मी म्हणाले. "आठवा पानाआड असावा, अशी नोंद आहे."

ते म्हणाले, "आभारी आहे, बाई," आणि खाली बसले.