परण्याच्या दिवशीची गोळी

बूट पायात गेला! बँडच्या गणवेशाचा काळा बूट बाबांच्या पायात अलगद बसला, तसा मी जागीच ओरडलो, "बसला! बसला!"

बाबा आमच्या नांदेडच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, मी ट्रम्पेट. त्या दिवशी माझ्या मुलीचं लग्न होतं. लातूरहून आलेल्या नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, वाजतगाजत मारुतीचं दर्शन घेऊन मंडपात यायचा होता, आणि नातजावयापुढं आपणच वाजवणार, असा बाबांचा हट्ट होता.

महिन्यापूर्वी हाच बूट पायात जात नव्हता. चार पावलं चाललं की बाबांना धाप लागायची. दोष माझाच. त्यांना रक्तदाबासाठी आणि सुजेसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे. लोहा गावी एका परण्यात त्यांना सूर अर्धवट टाकून आडोसा शोधावा लागला. वऱ्हाडी खिदळले, "ओ मास्तर, गाणं तरी पुरं करा की!" मला लाज वाटली. तेव्हापासून बँडची सुपारी असेल त्या दिवशी मीच म्हणायचो, "आज गोळी राहू द्या." सूज वाढली की दुसऱ्या दिवशी दोन द्यायचो. मग त्यांना चक्कर यायची.

शेवटी डॉक्टरांपुढं सगळं कबूल केलं. त्यांनी रक्तदाब मोजला, क्षारांसाठी रक्त तपासलं.

"मनानं बंद करायची न्हाई. चुकली तर भरपाई म्हणून दोन द्यायच्या न्हाईत. वाजवायच्या दिवशी पहाटेच घ्या, परण्या निघेस्तोवर लघवीचा जोर ओसरतो. धाप लागली, चक्कर आली किंवा वजन एकदम वाढलं, तर लगेच या."

"अन् क्लॅरिनेट?" बाबांनी विचारलं.

"सूज अन् धाप उतरू द्या, मग बघू."

रोज सकाळी वजन, वेळेवर गोळी, ताटातलं लोणचं बंद. आठवड्यापूर्वी तपासून डॉक्टरांनी होकार दिला. लग्नाच्या पहाटे मी गोळी पुढं केली.

"आज लाज न्हाई वाटत का रे?" बाबांनी टोमणा मारला.

"न्हाई वाटत!"

परण्या निघाला. पोरं नाचायला लागली. बाबांचा सूर असा काही चढला, की माझे ओठ ट्रम्पेटवर थरथरायला लागले. एकाएकी त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. मीही ट्रम्पेट खाली घेतलं.

"बाबा, धाप लागली का?"

"धाप कशाची? तू बेसूर वाजवून राहिला. नीट वाजव, जावई ऐकून राहिला!"

आणि मंडप येईपर्यंत ते थांबले नाहीत.