दुधाचा घात

नात गणित सोडवत होती. दहा वर्षांत दुधाचा भाव दुप्पट झाला, तर दरवर्षी सरासरी किती टक्के वाढला?

"दहा," मी म्हटलं. "त्यात काय सोडवायचं?"

"चूक! वाढलेल्या भावावर पुन्हा वाढ चढते, आजी. दहावा घात धरायचा. उत्तर सातच्या जरा वर. कमीच निघालं बघ!"

घात हा शब्द मला गणिताबाहेरच माहीत होता. नवऱ्यामागे मिळणारं पेन्शन या दहा वर्षांत रुपयानेही हललं नाही. अर्धा लिटर दुधाचं पाव लिटर झालं, मग चहा कोरा झाला. एकदम दणका बसला असता तर बोंब तरी मारली असती.

"बरोबर आहे बाई तुझं," मी म्हटलं. "घात असाच करतात. दरवर्षी जरासा."